कुलपाचा विसरलेला आकडा

कुलपे दोन जातींची असतात. एक किल्लीचे आणि दुसरे आकड्याचे. किल्लीचे कुलूप एका वस्तूवर विसंबून असते. ती वस्तू ज्याच्या हाती असेल तो त्या कुलपाचा धनी, मग तो घरचा असो की दारचा. आकड्याचे कुलूप माणसाच्या स्मरणावर विसंबते. प्रवासाची पेटी, सायकलची साखळी, वसतिगृहातील कपाट, दुकानाचा गल्ला, कागदपत्रांची ट्रंक अशा अनेक ठिकाणी हे कुलूप आज दिसते आणि लोक त्याला सरसकट ‘नंबरचे कुलूप’ म्हणतात. किल्ली हरवण्याची धास्ती नाही, हा त्याचा मोठा गुण. पण किल्ली हरवली तरी ती कोठेतरी पडलेली असते आणि शोधणारास ती सापडण्याचा संभव असतो. आकडा विसरला म्हणजे तो शोधावयाचा कोठे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरावर तो प्रसंग येतो त्या घराला तो क्षुल्लक वाटत नाही. घरातील कर्ता पुरुष अकस्मात जातो. घराचे खरेदीखत, विम्याची पॉलिसी, मुलांचे दाखले असे सगळे एका ट्रंकेत असते आणि ट्रंकेला चार चाकांचे कुलूप असते. तेरावा होतो, पाहुणे परततात आणि मग ती ट्रंक सर्वांच्या समोर येते. आकडा तर गेलेल्या माणसाबरोबर गेला. छिन्नी लावली तर पाच मिनिटांचे काम. पण ज्याने ते कुलूप वर्षानुवर्षे रोज हाताळले त्याची आठवण ताजी असताना छिन्नी हाती घेण्यास कोणी पुढे होत नाही. अशा वेळी कुलूप न फोडता आकडा परत मिळवता येतो काय, याचे उत्तर ठाऊक असलेले बरे. ते उत्तर बहुधा होकारार्थी आहे. आकडा माणसाच्या मनातून गेला तरी कुलपाच्या धातूत तो कोरलेला असतोच. आणि मनातूनही तो सहसा संपूर्ण जात नाही, त्याचा काही अंश मागे राहतो. त्या अंशाला मोजणीची जोड दिली की पुष्कळ काम होते. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

प्रथम कुलपाची रचना पाहू. चाकांच्या कुलपाच्या पोटात एक दांडा असतो. त्या दांड्यावर जितकी चाके तितके लहान खुंट असतात. प्रत्येक चाकाच्या आतल्या कड्याला एकच खाच असते. सर्व खाचा एका रेषेत आल्या म्हणजे खुंट त्यांतून सरकतात, दांडा मोकळा होतो आणि कुलपाची कडी बाहेर येते. एकाही चाकाची खाच बाजूला असेल तर त्याचा खुंट अडतो आणि त्याबरोबर सगळेच अडते. चाकावरचे आकडे हे त्या खाचेचे बाहेरून ओळखण्याचे चिन्ह होय, दुसरे काही नाही.

ही कल्पना आजकालची नव्हे. अल-जझारी या यंत्रकाराने १२०६ साली आपला यंत्रविद्येचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात अक्षरे कोरलेल्या चार तबकड्यांनी बंद होणाऱ्या पेटीचे वर्णन आहे. योगायोग असा की, त्याच सुमारास, १२०७ साली, आपल्याकडे चाळीसगावाजवळच्या पाटण येथे एक शिलालेख कोरला गेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा तो लेख. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. आकड्यांची किती मांडणी होऊ शकते याचे ते गणित. कुलूप एका देशात आणि त्याचे गणित दुसऱ्या देशात, असे ते दोन्ही बाराव्या-तेराव्या शतकात सिद्ध होते.

अंकपाशातील एक उदाहरण आपल्या कामाचे आहे. श्रीहरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म अशी चार आयुधे. ती आलटून पालटून धरली तर मूर्तीचे प्रकार किती होतील? पहिल्या हातासाठी चार आयुधे मोकळी, दुसऱ्यासाठी तीन, तिसऱ्यासाठी दोन आणि चौथ्यासाठी उरलेले एक. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे २४. संध्येत केशवापासून कृष्णापर्यंत आपण जी चोवीस नावे घेतो, त्यांच्या मूर्ती याच आयुधांच्या क्रमावरून ओळखल्या जातात. आता हातांच्या जागी चाके आणि आयुधांच्या जागी आकडे घाला. कुलपाचे चारही आकडे आठवतात, परस्परांहून वेगळे आहेत, पण क्रम आठवत नाही, अशी स्थिती असेल तर २४ प्रयत्नांत कुलूप उघडलेच पाहिजे. चारांपैकी दोन आकडे सारखे असतील तर प्रयत्न १२. दोन जोड्या असतील, उदाहरणार्थ दोन तिन्ना आणि दोन आठे, तर अवघे सहा.

याच्या उलट टोकाला काहीच न आठवण्याची स्थिती आहे. तीन चाकांच्या कुलपात ००० पासून ९९९ पर्यंत एक हजार आकडे होतात. एका आकड्यास तीन सेकंद धरले तर हजारांना तीन हजार सेकंद, म्हणजे ५० मिनिटे लागतात. चार चाकांना दहा हजार आकडे आणि त्याच वेगाने आठ तास वीस मिनिटे. ही वेळ सर्वांत वाईट नशिबाची आहे. सरासरीने निम्म्यातच काम होते. घरातील दोन माणसांनी रात्री जेवणानंतर तासभर बसावयाचे ठरविले तरी चार चाकांचे कुलूप आठ-नऊ दिवसांत उघडते.

मात्र मोजणी करावयाची ती पद्धतीने. जो मनाला येईल तो आकडा लावून पाहतो, तो तेच आकडे पुनःपुन्हा लावतो आणि नेमका हवा तो वगळतो. सोपी रीत अशी. ००० पासून आरंभ करून शेवटचे चाक एकेक घर फिरवीत ००९ वर यावे. मग मधले चाक एक घर पुढे घेऊन ०१९ करावे आणि तेथून शेवटचे चाक उलटे फिरवीत ०१० वर यावे. पुन्हा मधले चाक पुढे, ०२०, आणि शेवटचे चाक सुलटे. शेतकरी जसा एक तास संपल्यावर औत बांधावरून उचलून पहिल्या टोकाला नेत नाही, तेथेच वळवतो, तसेच हे आहे. दर वेळी एकच चाक एकच घर हलते. श्रम वाचतात आणि चूक होत नाही. एकाने चाक फिरवावे, दुसऱ्याने कागदावर दर दहा आकड्यांस एक खूण करावी. कडी हलकेच ओढून पाहावी. फार जोर केला तर चाके आवळली जातात आणि बरोबर आकडा येऊनही तो समजत नाही.

आता ज्याला थोडेबहुत आठवते त्याची गोष्ट. चार चाकांपैकी एका विशिष्ट चाकावरचा आकडा नक्की आठवत असेल, तर दहा हजारांचे एक हजार उरतात. तीन चाकांवरचे आठवत असतील तर दहा. तीन आकडे क्रमाने आठवतात पण गळलेला चौथा कोणत्या जागी होता ते आठवत नाही, अशी स्थिती असेल तर काम थोडे वाढते. तरी असे आकडे फक्त ३७ होतात. थोडक्यात, आठवणीचा लहानसा तुकडाही श्रमाला मोठ्या संख्येने भागतो. म्हणून चाकांना हात लावण्यापूर्वी अर्धा तास शांत बसून काय आठवते ते कागदावर लिहून काढणे, हा सर्वांत फायद्याचा व्यवहार होय.

या लेखनात दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली आपल्या भाषेची. मराठीत आपण संख्या बोलतो एका क्रमाने आणि लिहितो दुसऱ्या क्रमाने. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आधी सात येतात, मग चाळीस. लिहिताना आधी चार, मग सात. चार आकड्यांचा नंबर आपण सहसा दोन जोड्यांनी तोंडपाठ करतो, ‘सत्तेचाळीस बावन्न’ असा. तेव्हा ४७५२ आठवत असून कुलूप उघडत नसेल तर ७४५२, ४७२५ आणि ७४२५ लावून पाहावे. जोड्यांची अदलाबदल धरली तरी सगळे मिळून आठ प्रकार होतात. तसेच ‘एकोण’चे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करीत एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत आणि कानात नुसते ‘एकोण’ राहिले असेल तर त्या आठांत घोटाळा होणे साहजिक आहे. त्या आठही क्रमाने लावून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडा बसविणाऱ्या माणसाचा स्वभाव. माणूस सहसा वाटेल तो आकडा निवडत नाही. त्याला ओळखीचा आकडा लागतो. जन्मतारीख, लग्नाची तारीख, घराचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, तीन चाकांना १०८ किंवा ७८६, चार चाकांना १६३०, १६७४ किंवा १९४७. दिवस आणि महिना मिळून होणाऱ्या तारखा ३६६ असतात. महिना आधी आणि दिवस नंतर लिहिण्याची रीतही धरली तरी एकंदर ५८८. दहा हजारांपुढे ही संख्या लहान आहे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत शकाचाही विचार करावा. इसवी सन १९३२ मध्ये जन्मलेल्या गृहस्थाने पत्रिकेवरून शके १८५४ बसविले असेल. जन्म पाडव्यापूर्वीचा असेल तर १८५३. व्यापारी घराण्यातील असेल तर विक्रम संवत १९८८ किंवा १९८९ हेही पाहावे. गेलेल्या माणसाचे आकडे शोधताना त्याची जुनी डायरी, पत्रिका, पासबुकाचे मागचे पान हे सगळे चाळावे लागते. हे काम घरच्यांनीच करावयाचे असते. बाहेरच्यास यातले काय ठाऊक असणार?

तिसरी गोष्ट: आकडा बरोबर आठवत असूनही कुलूप उघडत नाही, असे पुष्कळदा होते. नवा आकडा बसविताना एखादे चाक नकळत एक घर सरकते आणि कुलूप त्याच सरकलेल्या आकड्यावर बसते. म्हणून आठवणारा आकडा लावून प्रत्येक चाक एक घर पुढे आणि एक घर मागे करून पाहावे. चार चाकांसाठी हे आठच प्रयत्न. एकाहून अधिक चाके सरकली असतील अशी शंका असेल तर प्रत्येक चाकाची तीन घरे धरून सगळे मिळून ८१ होतात. कधी आकडे ज्या खुणेपाशी जुळवावयाचे ती खूण सोडून माणूस उलट्या बाजूने वाचतो. मग प्रत्येक आकड्यात पाचाचा फरक पडतो. सगळी चाके सारखीच घरे पुढे नेत गेले की दहा प्रयत्नांत ही शंका फिटते.

मनाकडून काहीच मिळाले नाही तर खुद्द कुलपाला विचारावे. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी सर्व चाके आणि खुंट केसाचाही फरक न पडता सारखे होत नाहीत. त्यामुळे कडी हलकेच ओढून धरली असता सगळा भार सर्व चाकांवर सारखा पडत नाही. एखादे चाक अधिक जड लागते. ते चाक सावकाश फिरवीत गेल्यास त्याची खाच खुंटासमोर येते तेव्हा ओढीत बारीकसा ढिलेपणा जाणवतो. मग भार दुसऱ्या चाकावर जातो, तेथेही तेच. साध्या कुलपांत या रीतीने हजारांचा हिशेब चाळीस-पन्नासांवर येतो, कारण आता प्रत्येक चाक स्वतंत्रपणे बोलू लागते आणि गुणाकाराच्या जागी बेरीज येते. चांगल्या कुलपांत कारागीर मुद्दाम खोट्या उथळ खाचा ठेवतात. तेथे हात फसतो आणि मोजणीवरच भिस्त ठेवावी लागते.

एका तबकडीचे कुलूप याहून थोडे निराळे. त्यात बाहेर एकच तबकडी आणि आत एकामागे एक तीन चकत्या असतात. तबकडी फक्त एका चकतीशी जोडलेली असते. ती फिरता फिरता तिचा खुंट दुसरीला भिडतो, दुसरीचा तिसरीला. म्हणून प्रथम उजवीकडे काही पूर्ण फेरे देऊन तिन्ही चकत्या गोळा कराव्या लागतात आणि पहिल्या आकड्यावर थांबावे लागते; मग डावीकडे एक पूर्ण फेरा देऊन दुसऱ्या आकड्यावर; मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. कित्येकांना तीनही आकडे पाठ असतात, फेऱ्यांची रीत मात्र विसरलेली असते आणि दोष आकड्यांना दिला जातो. तेव्हा आधी रीत तपासावी. तीन आकडे आठवतात पण क्रम आठवत नाही, तर सहा प्रयत्न पुरेत.

तबकडीवर चाळीस घरे असतील तर तीन आकड्यांचे चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे ६४,००० प्रकार होतात. एकास दहा सेकंद धरले तर सुमारे १७८ तास. रोज आठ तास बसले तरी बावीस-तेवीस दिवस. येथे निव्वळ मोजणी थकते. पण खाच ही खुंटापेक्षा किंचित रुंद करावीच लागते, नाहीतर कुलूप धन्यालाही उघडावयाचे नाही. त्यामुळे बरोबर आकड्याच्या शेजारचे घरही बहुधा चालते. रिचर्ड फाइनमन हे अमेरिकन पदार्थविज्ञ दुसऱ्या महायुद्धात लॉस अलॅमॉस येथे अणुबाँबच्या कामावर होते. तेथील गुप्त कागदांच्या कपाटांना शंभर घरांची तबकडी असे. हिशेबाने प्रकार दहा लाख. फाइनमन यांनी पाहिले की आकडा दोन घरे इकडेतिकडे झाला तरी कुलूप उघडते. म्हणजे शंभर घरांऐवजी वीसच पाहावयाची आणि दहा लाखांचे आठ हजार झाले. एका सहकाऱ्याचे कपाट तर त्यांनी निराळ्याच वाटेने उघडले. गणितातील एका प्रसिद्ध स्थिरांकाचे आरंभीचे आकडे, २७-१८-२८, त्या गृहस्थांनी बसविले होते. पुढे २०१५ साली सॅमी कामकार या संगणकतज्ज्ञाने चाळीस घरांच्या एका प्रचलित कुलपाच्या तबकडीचे अडखळे तपासून ते आठ किंवा त्याहून कमी प्रयत्नांत उघडण्याची रीत जाहीर केली.

यावरून आकड्याच्या कुलपाची योग्यता कळते. ते वेळ विकत घेते. तीन चाकांचे कुलूप परक्याला फार तर ५० मिनिटे अडवील आणि ज्याचा हात बसला आहे त्याला तितकाही वेळ अडवणार नाही. गर्दीच्या गाडीत पेटी आपोआप उघडू नये, घरातल्या मुलाने कपाट उचकू नये, एवढ्या कामास ते उत्तम. सोन्यानाण्यास ते पुरेसे नाही. आणि वर सांगितलेल्या सर्व रीती आपल्या स्वतःच्या कुलपासाठी आहेत. गेलेल्या माणसाची ट्रंक उघडावयाची असेल तर सर्व वारसांच्या समक्ष उघडावी आणि आत काय निघाले त्याची यादी तेथेच करावी. आकडा सापडला म्हणजे हक्क सापडला असे होत नाही.

आकड्यांचा विषय आणि नाशिक म्हटल्यावर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव ओघानेच येते. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. चार आकडी संख्येचा एक चमत्कार त्यांनी १९४९ साली मांडला. चारही आकडे सारखे नाहीत अशी कोणतीही संख्या घ्या. तिचे आकडे उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा; जी संख्या येईल तिला पुन्हा तेच करा. समजा १९५२ घेतली. ९५२१ वजा १२५९ म्हणजे ८२६२. पुढे अनुक्रमे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. येथे येऊन गाडी थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत याच मुक्कामाला यावे लागते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांची ही संख्या जगभर झाली. इतकी झाली की आता ती कुलपाला बसविण्यात अर्थ नाही.

पण आपल्या विषयासाठी या संख्येचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ६१७४ वर पोचलेल्यास आपण कोठून निघालो हे त्या संख्येवरून सांगता येत नाही. हजारो वाटा तेथे येऊन मिळाल्या आणि प्रत्येकीची खूण वाटेत पुसली गेली. खरे विसरणे असे असते. तेथून मागे फिरता येत नाही. कुलपाच्या बाबतीत तशी पाळी येत नाही, कारण खाच जागच्या जागी असते आणि चिकाटीने शोधणारास ती सापडते. पण ट्रंकेतल्या कागदांवरचे व्यवहार, कोणाला किती दिले, कोणाचे किती घेतले, कोणती पावती कशाची, हे जर फक्त एका माणसाच्या मनात असेल तर त्याला अशी खाच नसते. तो गेला की ते गेले.

म्हणून आकडा बसवितानाच दोन कामे करावीत. आकडा स्वतंत्र कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरातील दुसऱ्या एका विश्वासाच्या माणसापाशी द्यावा. पाकीट त्याच ट्रंकेत ठेवणारेही लोक असतात, त्यांना काय म्हणावे! आणि त्याच पाकिटात, ट्रंकेत काय आहे आणि ते कशासाठी आहे, हे चार ओळींत लिहावे. पत्नीस, सुनेस, मोठ्या मुलीस व्यवहार सांगण्याचा आपल्याकडे अजूनही संकोच असतो. तो संकोच सोडला तर या लेखातील निम्मी युक्ती वापरण्याची वेळच कोणावर येणार नाही.